संयम कोणी पाळायचा?

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात लोक काय मागायला येतात ते नीट पाहावं. पैसे मागणारे असतात, वाटणी मागणारे असतात. पण पुष्कळांचं मागणं एवढंच असतं की समोरच्याला थांबवा. शेजाऱ्याने माझ्या हद्दीत भिंत घालू नये, भावाने सामाईक जमीन परस्पर विकू नये, बिल्डरने पार्किंगच्या जागेत गाळे काढू नयेत. मनाईचा दावा, तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, 'जैसे थे'चा हुकूम हे शब्द शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यालाही पाठ असतात. फौजदारी बाजूलाही हेच. कोणाला त्याच्या हक्काच्या वाटेने जाऊ न देणं हा भारतीय दंड संहितेच्या कलम 339 खाली गुन्हा होता. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 मध्ये आहे. राज्यघटनेच्या कलम 19 ने स्वातंत्र्यं दिली आणि त्याच कलमात त्यांवर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही ठेवली. थांबवणं, अडवणं, आवरणं हे कायद्याचं रोजचं काम आहे.

घरातही दिवसभर तेच चालतं. आणि माझी तक्रार इथून सुरू होते. आपल्याकडे संयमाचा उपदेश कायम वरून खाली येतो. सासू सुनेला संयम शिकवते, मालक कामगाराला, बाप मुलीला, बंदोबस्तावरचा अधिकारी मोर्चेकऱ्याला. ज्याच्या हातात काठी आहे, सही आहे, तिजोरीची किल्ली आहे त्याला कोणी विचारत नाही की तू कुठे थांबलास? हे उलटं आहे. संयम ही मुळात ज्याच्यापाशी ताकद आहे त्याची जबाबदारी. तो खरा की खोटा हे ओळखायचं तर एकच गोष्ट बघावी: त्याची किंमत कोण मोजतो. थांबणारा स्वतः मोजत असेल तर तो संयम. थांबणाऱ्याचं काहीच जात नसेल आणि भुर्दंड भलत्याच माणसाला बसत असेल, तर ती टाळाटाळ असते, कधी भित्रेपणा असतो, कधी सरळसरळ अन्यायाला दिलेली मुदतवाढ असते.

महाडच्या चवदार तळ्याची आठवण आपण दरवर्षी 20 मार्चला काढतो ती पाण्याच्या ओंजळीसाठी. मला मात्र त्यातला मनाई हुकमाचा आणि कोर्टबाजीचा भाग सतत अडवून धरतो, कारण या प्रश्नाच्या सगळ्या बाजू तिथे एकत्र सापडतात.

सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव सी. के. बोले यांनी ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडला आणि तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये त्याला धरून तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाणी भरायला कोणी धजलं नाही. तीन वर्षांनी, मार्च 1927 मध्ये महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेनंतर, डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. काही वेळातच गावात अफवा उठली की आता ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात घुसणार. परिषदेला आलेल्यांवर लाठ्याकाठ्या घेऊन लोक तुटून पडले. मंडपात असलेले, गावाकडे परत निघालेले, वाटेत एकटेदुकटे गाठले गेलेले असे कितीतरी जण जखमी झाले. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला.

त्या दुपारी बळ कोणाकडे होतं हे विसरून चालणार नाही. परिषदेला आलेले लोक संख्येने भारी होते आणि त्यांत पलटणीत नोकरी केलेले, हत्यार हाताळलेले महार जवान होते. डाकबंगल्यापाशी जमलेले तरुण हुकमाची वाट पाहत होते. आंबेडकरांनी तो हुकूम दिला नाही, उलट त्यांना आवरलं. हात उगारायची ताकद असताना हात खाली ठेवला गेला आणि त्याची किंमत त्याच माणसांनी फुटलेल्या डोक्यांनी मोजली. माझ्या कसोटीवर याहून चोख संयम दाखवता येणार नाही. समोरच्या बाजूने पुढे काय केलं? 108 घागरी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, सत्याग्रह करायचाच या निर्धाराने. मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी ती दिली. परिषदेच्या आधीच महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला आणि आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तूर्तातूर्त मनाई मिळवली. दाव्याचं निकालपत्र होईपर्यंत तळ्याकडे जायचं नाही.

इथे जरा थांबायला हवं. तूर्तातूर्त मनाई देताना कोर्टाने तीन गोष्टी पाहायच्या असतात. वादीची बाजू प्रथमदर्शनी टिकणारी आहे का, मनाई दिल्याने वा न दिल्याने गैरसोय कोणाची जास्त, आणि नुकसान असं आहे का की जे नंतर पैशाने भरून निघणार नाही. आता ही मापं महाडला लावून पाहा. अस्पृश्यांनी पाणी भरल्याने वादींचं पाणी कमी होणार नव्हतं. गुरंढोरं तिथे पाणी पीत, इतर धर्मांच्या लोकांनाही तळं वर्ज्य नव्हतं. गैरसोयीच्या पारड्यात एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची तहान आणि अपमान, दुसऱ्या बाजूला विटाळाची समजूत. तरीही मनाई मिळाली, कारण 'जैसे थे' राखणं कोर्टाला नेहमीच निरुपद्रवी वाटतं. ते तसं नसतं. आज आहे ते जर अन्यायाचं असेल तर 'जैसे थे'चा हुकूम त्या अन्यायालाच पहारेकरी देतो. थांबवण्याचा अधिकार वापरताना कोणाला थांबवलं यापेक्षा काय चालू ठेवलं हा प्रश्न मला मोठा वाटतो.

परिषदेला हजारो लोक आले होते आणि बहुतेकांची तुरुंगात जायची तयारी होती. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. जिल्ह्याच्या कलेक्टरने परिषदेत येऊन कोर्टाचा हुकूम मोडू नका असं सांगितलं. पुष्कळ वादावादी झाली; पाणी पिऊनच जायचं असं म्हणणारे कमी नव्हते. शेवटी आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला आणि लोकांनी तो मानला. मिरवणूक तळ्यावरून नेली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

पुढे तो तात्पुरता हुकूम उठला, पण दावा चालतच राहिला. महाडच्या कोर्टात वादी हरले, ठाण्याच्या अपिलात हरले, मग मुंबई उच्च न्यायालयात गेले. 17 मार्च 1937 रोजी न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. वाडिया यांनी त्यांचं अपील फेटाळलं. पाणी प्यायल्याला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते. (हेच ब्रूमफिल्ड 1922 साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश. टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन त्यांनी ती मुदत ठरवली होती आणि सरकारने ती कमी केली तर आपल्याइतका आनंद कोणालाच होणार नाही, अशा अर्थाचं भर कोर्टात सांगितलं होतं.)

निकाल काय लागला? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून दावा फेटाळला. ती प्रथा सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा लोकहिताच्या विरुद्ध ठरते का, या प्रश्नाला न्यायमूर्तींनी हात घातला नाही. खालच्या कोर्टांत तो मुद्दा घेतलेला नव्हता आणि निकालासाठी त्याची गरजही उरली नव्हती. वकिली शिस्तीने पाहिलं तर यात वावगं काही नाही. गरजेपुरतंच बोलावं ही न्यायाधीशांची जुनी आणि चांगली सवय आहे. तरी मला ते बोचतं. न्यायमूर्तींच्या त्या मितभाषणाने त्यांचं स्वतःचं काही गेलं नाही. महाडपुरता प्रश्न मिटला, पण दुसऱ्या गावच्या विहिरीवरच्या माणसाच्या हाती काही लागलं नाही. त्याला आपल्या गावची प्रथा जुनी आहे की नवी यावर पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागणार होतं. विहिरी, तलाव, स्नानघाट यांवर कोणालाही जातीच्या कारणाने मज्जाव करता येणार नाही हे वाक्य शेवटी राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये आलं, तेव्हा ते लिहिणाऱ्या मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी त्या दाव्यातला प्रतिवादी बसलेला होता.

संयमाचा उपदेश करणाऱ्यांना आंबेडकरांचं 25 नोव्हेंबर 1949 चं घटना समितीतलं भाषण फार सोयीचं वाटतं. सत्याग्रह, कायदेभंग, असहकार हे मार्ग आता सोडायला हवेत असं ते त्यात म्हणाले, हे खरं. पण त्याला एक अट होती. सनदशीर मार्ग उघडे नव्हते तेव्हा त्या मार्गांना समर्थन होतं. ते उघडे झाल्यावर नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच भाषणात ते पुढे म्हणाले की 26 जानेवारी 1950 पासून राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत. ती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पिचलेले लोक हा सगळा डोलारा उधळून लावतील. म्हणजे लोकांनी हात आवरायचे ते राज्य दार उघडं ठेवील या भरवशावर. अर्ज वर्षानुवर्षं पडून असेल, सुनावणीची तारीख मिळत नसेल, मोर्च्याला परवानगी नाकारली जात असेल आणि तरी त्या भाषणातलं अर्धंच वाक्य ऐकवलं जात असेल, तर भाषणाशीच अप्रामाणिकपणा होतो.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात अवघड आक्षेप न्यायालयांच्या बाजूने येतो. ताकद असलेल्याने थांबावं असं म्हणता, मग सर्वोच्च न्यायालयापाशीही ताकद आहे. त्याने सरकारच्या कारभारात हात घालायचं टाळलं तर ते चांगलंच की नाही?

28 एप्रिल 1976 चा जबलपूर खटल्याचा निकाल या आक्षेपाचं उत्तर देतो. आणीबाणीत हजारो माणसं चौकशीविना तुरुंगात होती. आमची अटक कायदेशीर आहे का एवढं तरी तपासा, असा त्यांचा अर्ज होता. नऊ उच्च न्यायालयांनी तपासू म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं की आणीबाणी चालू असताना तसं विचारताच येत नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. पुढच्याच वर्षी त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात तो जबलपूरचा निर्णय चुकीचा ठरवून बाजूला सारला गेला, तेव्हा मुख्य निकालपत्र त्यांच्या मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं.

वरवर पाहिलं तर 1976 च्या त्या चौघांनी आत्मसंयमच दाखवला: संकटकाळात सरकारच्या निर्णयात आम्ही पडणार नाही. पण या संयमाचं बिल फाडलं गेलं ते कोठडीतल्या माणसाच्या नावावर. खन्ना यांनी उलट केलं. सरकारला थांबवण्याचा अधिकार वापरला आणि त्याची किंमत स्वतःच्या पदाने चुकवली. बलवंताच्या पुढे गप्प बसणं आणि दुर्बळासमोर हात आवरणं या दोन्हींना आपण एकाच नावाने हाक मारतो, त्यामुळे घोटाळा होतो. थांबायचं कुणापुढे, हे पाहिल्याशिवाय थांबण्याला गुण देऊ नयेत.

खाली गावात या. शेताच्या रस्त्याचं भांडण ज्याने जवळून पाहिलं आहे त्याला कायद्यातला हा सगळा पेच ओळखीचा वाटेल. वहिवाटीचा गाडीरस्ता असतो. एक दिवस त्यात आडवा चर मारलेला दिसतो, वर बाभळीच्या फांद्या. अलीकडच्या शेतकऱ्याचं म्हणणं, रस्ता माझ्या गटातून जातो, माझी मर्जी. पलीकडच्याचा ऊस तोडीला आलेला. टोळी येऊन बसलेली, ट्रॅक्टर बांधाशी उभा. पोलिसांत गेलं तर 'हे महसुलाचं आहे' म्हणतात. ते पुरतं चूकही नसतं, कारण अडवणुकीच्या गुन्ह्याला कायद्यानेच एक अपवाद ठेवला आहे: खासगी वाट अडवण्याचा आपल्याला हक्क आहे असं ज्याला प्रामाणिकपणे वाटतं त्याला तो गुन्हा लागत नाही. मग तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली अर्ज. हा कायदा मला मनापासून आवडतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत यायचं, तहसीलदाराने जागेवर जाऊन पाहायचं, अडथळा काढायला लावायचा आणि पुन्हा करू नये म्हणून मनाई द्यायची. मालकी कोणाची हा गहन प्रश्न दिवाणी कोर्टात सावकाश सुटू दे, तोवर गाडी जाऊ दे. महाडला उलटं झालं होतं, गाडी थांबवून प्रश्न सोडवत बसले होते. अर्थात हा कायदा राबवणारा अधिकारी सुनावणीच्या तारखा देत राहिला तर ऊस वाळतो, वजन घटतं आणि 'दोन्ही बाजूंनी सामोपचाराने घ्या' हा सल्ला चर मारणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. सामोपचाराचा सल्ला देण्याआधी फांद्या उचलायला लावल्या पाहिजेत.

आता एक अशी जागा, जिथे आवरणं हे अक्षरशः बांधणं असतं. माझी आत्या ऐंशीच्या पुढची होती तेव्हा तिला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला गेलो तर तिचे दोन्ही हात बँडेजच्या पट्ट्यांनी कॉटच्या कठड्याला बांधलेले होते. रात्री तिला भ्रम झाला होता, नाकातली नळी तिने दोनदा ओढून काढली होती. बांधण्याचं कारण खरं होतं. पण गाठ इतकी घट्ट होती की मनगटावर वळ उठले होते, आणि ती जागी होती, शुद्धीवर होती, पाणी मागत होती. मी विचारलं, आता सोडता येईल का? ड्यूटीवरची सिस्टर म्हणाली, "एका सिस्टरकडे सहा पेशंट आहेत काका, मी कोणाकोणाकडे बघू?" तिचं उत्तर खोटं नव्हतं. मी खुर्ची ओढून आत्याचा हात धरून बसलो, तेव्हा तिने त्या बाजूची पट्टी सोडली. ज्या कामाला एक माणूस लागत होता ते काम पट्टी करत होती. मनुष्यबळ न ठेवण्याची किंमत आत्याचं मनगट देत होतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने याच गोष्टीला शब्द दिले आहेत. मनोरुग्णाला साखळदंडाने बांधता येणार नाही. शारीरिक बंधन घालायचंच तर त्याला किंवा इतरांना होणारी तातडीची इजा टाळायला दुसरा कुठलाच उपाय नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि गरज संपेपर्यंतच. या कायद्यामागे एक भयानक पहाट आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली. तिथे मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवत. 28 जण मेले. त्यांना पळता आलं नाही. त्यांना बांधणाऱ्यांनीही सुरक्षेसाठीच बांधलं होतं असंच सांगितलं असतं. म्हणून मला 2017 च्या कायद्यातला 'गरज संपेपर्यंतच' हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. बांधणाऱ्याला गाठ सोडायची वेळ ठरवून द्यावी लागते. त्याच्या मर्जीवर सोपवली की गाठ तशीच राहते, कारण त्याला ती काचत नाही.

घरात कोणता कायदा? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मॅजिस्ट्रेटला अधिकार दिला की छळणाऱ्या नवऱ्यालाच मनाई करावी: हिंसा करायची नाही, तिच्या नोकरीच्या जागी जायचं नाही, फोन करून त्रास द्यायचा नाही. या कायद्याने शतकांची दिशा फिरवली असं मी म्हणेन. तोवर मारहाण झाली की आवरायला तिलाच सांगत. उलट बोलू नकोस, माहेरी जाऊन राहा थोडे दिवस, त्याचा राग शांत होईल. घर सोडायचं तिने, तोंड आवरायचं तिने, आणि हात मात्र त्याचा मोकळा. अजूनही नातेवाइकांची बैठक बसली की सुरुवात तिच्यापासूनच होते. शाळेचंही तसंच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलांना मारायला बंदी घातली त्याला आता बराच काळ लोटला. तरी 'छडी लागे छमछम'ची आठवण हौसेने काढणारे पालक कमी झालेले नाहीत. शिस्त मुलाला लागावी म्हणून तळमळणाऱ्यांनी आधी मोठ्यांच्या हाताला लावून पाहावी.

ताकद फक्त खुर्चीतल्या माणसाकडे असते असं समजलो तर मात्र आपण सुटलो म्हणायचं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना गावकऱ्यांनी मुलं पळवणारी टोळी समजून ठेचून मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. मारणारेही गरीबच होते. पण त्या तासाभरासाठी पाच परक्यांपुढे ते राजे होते. अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. कंपनीने घातलेलं ते बंधन योग्यच होतं, तरी मला त्याचा विषाद वाटतो: बोट थांबवण्याचं काम आपण यंत्रावर सोपवलं. फिरत्या जमातींच्या माणसांना गावात शिरताना ओळखपत्रं, पोलिसांचे दाखले दाखवावे लागतात. आवरायचं तेही त्यांनीच.

आणि मग पोलीस, ज्यांच्यापाशी थांबवण्याचा अधिकार सगळ्यात उघडा आणि रोजचा आहे. 1994 च्या जोगिंदर कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अटक करण्याचा अधिकार असणं वेगळं आणि ती करण्याचं समर्थन असणं वेगळं. त्या निकालात राष्ट्रीय पोलीस आयोगाचा जो अंदाज दिला आहे तो वाचून माणूस हादरतो: सुमारे 60 टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय, आणि तुरुंगांच्या खर्चातला 43.2 टक्के वाटा असल्या अटकांपायी. 2014 च्या अर्नेश कुमार निकालाने पुढचं पाऊल टाकलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आपोआप अटक नाही. का करायची ते अधिकाऱ्याने लिहून द्यायचं, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून ठाण्यांत तिला '41 ची नोटीस' म्हणतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम 35 खाली गेली आहे. आपल्या देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. नोटिशीवर भागलं असतं अशी किती माणसं त्यांत असतील, याचा विचार करून झोप उडाली पाहिजे.

तडीपारीचंही तेच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 खाली माणसाला शिक्षा न होताच दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. तो घरापासून, कामापासून, म्हाताऱ्या आईबापांपासून तुटतो. जालना जिल्ह्यातल्या अशा एका प्रकरणात 2022 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. न्या. अभय ओक यांच्या निकालपत्राने सांगितलं की हा असाधारण उपाय आहे, तो क्वचितच वापरायचा, आणि पूर्ण दोन वर्षांची मुदत द्यायची तर तेवढी का हे अधिकाऱ्याने मनाशी ताडून पाहिलेलं आदेशातून दिसलं पाहिजे. निवडणूक आली, गणपती आले की तडीपारीच्या याद्या निघतात. यादीने माणसं हाकलण्यात प्रशासनाची सोय आहे. त्या सोयीचा खर्च यादीतला माणूस आणि त्याची बायकापोरं उचलतात.

बेडीबद्दल आपण मागे चाललो आहोत याचं मला दुःख आहे. 1980 मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी बेडी घालणं हे मुळातच अमानुष आहे, ती अपवाद म्हणूनच आणि कारण लिहूनच घालता येईल, असं ठरवलं होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये गुन्ह्यांची मोठी यादी देऊन पोलिसांना बेडीचा अधिकार दिला आहे. खून, बलात्कार, दहशतवाद, अंमली पदार्थ, बेकायदा शस्त्रं. यादी वाचताना मन 'बरोबरच आहे' म्हणू लागतं. पण पळून जाण्याची भीती माणसागणिक वेगळी असते, गुन्ह्याच्या नावावरून ती ठरत नाही. आणि ज्याच्या हातात बेडी आहे तो अजून आरोपीच असतो. बाजारपेठेतून त्याला तसा चालवत नेला की पुढे निर्दोष सुटूनही ती धिंड गाव विसरत नाही. कलमात 'घालावी' म्हटलेलं नाही, 'घालता येईल' म्हटलं आहे. एवढ्या फटीतून अजून पुष्कळ काही वाचवता येईल.

ते वाचवायची जागा म्हणजे रिमांडचं कोर्ट. अटकेपासून चोवीस तासांत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे राज्यघटनेच्या कलम 22 ने सांगितलं ते केवळ हजेरीसाठी नाही. सकाळच्या गर्दीत तपासी अंमलदार कागद पुढे करतो, सरकारी वकील पोलीस कोठडी मागतो, आरोपीचा वकील कधी असतो कधी नसतो. तेव्हा मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान वर करून विचारावं: नोटीस का दिली नाही? बेडी कोणत्या कारणाने घातली? कारण कुठे लिहिलं आहे ते दाखवा. प्रत्येक आरोपीमागे चार-पाच मिनिटं जातील. बोर्ड लांबेल, पोलीस शिपाई ताटकळतील, दुपारचं जेवण पुढे जाईल. ती गैरसोय पोलीस, वकील आणि न्यायाधीश यांनीच वाटून घ्यायची आहे. कठड्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला ती जाता कामा नये.